मेसचे खाडे

पत्राचा गोषवारा: सोलापूर जिल्ह्यातल्या गावाहून पुण्यात आलेली १९ वर्षांची मुलगी लिहिते. एस. वाय. बी. कॉम.ला आहे, दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, जेवायला मेस लावली आहे. २०२०च्या लॉकडाउनपासून ती बीटीएस या सात जणांच्या कोरियन गायकगटाची चाहती, म्हणजे ‘आर्मी’ आहे. दिवाळीनंतर तिनं कोरियन कलाकारांच्या डाएटचे व्हिडिओ बघून जेवण कमी केलं. मेसमध्ये खाडे टाकले आणि त्या पैशांतून ‘आर्मी बॉम्ब’, म्हणजे चाहते कार्यक्रमात हलवतात तो दिवा, घेतला. वजन उतरलं, कौतुक झालं. आता केस मूठमूठ गळतात, तीन महिने पाळी आलेली नाही, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री दोन-दोन तास मुकबांगचे, म्हणजे लोक कॅमेऱ्यासमोर बसून भरपूर खातात तसले, व्हिडिओ बघते. आठवड्यातून एखाद्या रात्री नूडल्सची दोन-तीन पाकिटं एकदम संपवते, मग रडते आणि दुसऱ्या दिवशी ‘उपास’ धरते. आईला कुणकुण लागली आहे. ‘हे सगळं त्या कोरियाच्या खुळामुळे, ती पोस्टरं आधी फाडून टाक’, असं आईचं म्हणणं. मुलगी विचारते: मी बीटीएस सोडायला हवं का? आणि सोडलं तर माझ्याकडे उरतं काय?

प्रिय आर्मी,

तुझं पत्र पाच पानांचं होतं आणि त्यात आकडेच आकडे होते. वजनाचे, कॅलरींचे, पावलांचे. ते मी मुद्दाम गाळले आहेत. हे सदर वाचणारी दुसरी एखादी मुलगी ते स्वतःच्या आकड्यांशी ताडून बघेल आणि ‘ही तर माझ्यापेक्षाही कमी खाते’ असं मनात म्हणेल, त्याची मला भीती वाटते. तुलाही ती खोड असणार. नाहीतर इतके आकडे तोंडपाठ कसे?

बीटीएसचं नंतर बघू. आधी पाळीचं.

नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे यात चालत नाही. कारणं बरीच असू शकतात, थायरॉइड असेल, पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा विकार, असेल. डॉक्टर दिवस राहिलेत का हेही विचारतील, तो त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण केस, अंधारी, सतत थंडी वाजणं, हे सगळं एकत्र वाचल्यावर पहिला संशय अन्न कमी पडण्याचाच येतो. बी. कॉम.ची आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगते. जमा घटली की शरीर खर्चाला कात्री लावतं. हृदय आणि मेंदू चालू ठेवावेच लागतात, म्हणून जे तूर्त थांबलं तरी चालेल ते थांबवतं, आणि त्यात पाळीचा नंबर फार वरचा. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, आणि हाडांची मजबुती त्याच्यावर अवलंबून. हाडांमध्ये भर पडते ती साधारण पंचविशी-तिशीपर्यंतच. म्हणजे खात्यात भरणा करायच्या वयात तू पैसे काढत बसली आहेस. केसांचं म्हणशील, तर उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी ते गळायला लागतात, म्हणून तुला दोन्हींचा संबंध लागला नसेल. महागडं तेल लावू नकोस, त्या पैशात चार दिवस जेवून होईल.

या आठवड्यात एका मैत्रिणीला बरोबर घे आणि जा. खासगी परवडत नसेल तर कुठल्याही सरकारी रुग्णालयात केसपेपर काढ. खाणं कधीपासून आणि किती कमी केलंस ते खरं खरं सांग. रात्रीच्या नूडल्सचंही सांग. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन येईलच, पण लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन आणि थायरॉइड याही करायच्या का ते विचार. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के जणींना रक्तक्षय आढळला होता. डाएटचं नावही न काढता आपल्याकडची निम्मी बायकामंडळी तुटीत असतात, आणि तू त्यावर खाडे टाकलेस. मध्येच चक्कर येऊन पडलीस किंवा छातीत धडधडायला लागलं, तर मात्र आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी जायचं. आणि हे वाचून आज रात्रीच चापून जेवायला बसू नकोस. बरेच दिवस फार कमी खाल्लं असेल तर वाढ हळूहळू आणि डॉक्टरांना विचारून करायची असते.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत बोलकी वाटलेली गोष्ट. दिवसभर सफरचंदावर राहणारी मुलगी रात्री दोन तास दुसऱ्याला जेवताना बघते. तू लिहिलंस, ‘मला माझीच किळस येते, मनावर ताबाच नाही.’ १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं जेवतं करायचं हे शिकायचं होतं, आणि हे तरुण आपखुशीनं आले होते. काही आठवड्यांत ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले. बोलणं जेवणाचं, स्वप्नं जेवणाची. एकेका जेवणावर तास-दोन तास रेंगाळत बसायचे. प्रयोग संपल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. ही माणसं मनानं दुबळी नव्हती, भुकेली होती. त्यांच्याकडे पुस्तकं होती, तुझ्याकडे मुकबांग आहे. महिना-दोन महिने दोन्ही वेळा नीट जेवलीस की ते व्हिडिओ किती बघावेसे वाटतात ते मला कळव. आणि नूडल्सच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी जो उपास धरतेस ना, पुढच्या नूडल्सच्या रात्रीची तयारी तोच करतो. म्हणून एवढं एकच पथ्य पाळ: रात्री काहीही झालं, तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही.

उपासावरून आठवलं. तुझ्या आईला हे सगळं कोरियाहून आलंय असं वाटतं, आणि मनातून तुलाही तसंच वाटतं, म्हणून तर तू सोडण्याची भाषा करतेस. मला ते पटत नाही. तूच लिहिलेल्या तीन गोष्टी तुला परत वाचून दाखवते.

पहिली, मेसवाल्या काकू. ‘सारखे खाडे कसे गं?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा तू ‘आज संकष्टी’, ‘आज गुरुवार’ असं सांगत राहिलीस आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मार्गशीर्षात तर रान मोकळंच होतं. मराठी घरात मुलगी जेवली नाही तर दहा जण कारण विचारतील, पण उपास म्हटलं की सगळे गप्प, वर ‘किती गं कडक करतेस’ म्हणून कौतुक. (आमच्या घरी उपास म्हणजे एकादशी दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस. तुझा तो उपास नव्हे.) दुसरी, मावसबहिणीचं लग्न. हॉलच्या दारातच मामी म्हणाली, ‘अय्या, किती बारीक झालीस, आता कशी छान दिसतेस!’ हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस, तुझ्या लक्षात तरी आलं का? तिसरी, तुझी आई. सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं घेऊन ओट्यापाशी उभ्यानं जेवते, असं तू अगदी सहज, जाता जाता लिहून गेलीस.

यातली एकही बाई सेऊलची नाही. कमी खाणारी मुलगी गुणी, हे तू बीटीएसचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी शिकली होतीस. कोरियन व्हिडिओनं त्याला नवीन, चकचकीत कारण दिलं, इतकंच. त्यांच्याकडच्या धंद्याची मी भलामण करत नाही. शिकाऊ मुलामुलींना वजनकाट्यावर उभं करायचं, नवं गाणं यायच्या आधी काही आठवडे उपाशी ठेवल्यासारखं ठेवायचं, हे तिथे चालत आलं आहे, आणि चक्कर येऊन पडल्याचं त्यांच्यातल्या काहींनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. पण जे डाएट तू पाच महिने रेटलंस ते त्यांच्याकडेही काही आठवड्यांचं असतं, आणि ते त्यांच्या पोटापाण्याचं काम आहे. तुला सकाळी बस पकडायची आहे आणि कॉस्टिंगचा पेपर द्यायचा आहे.

मग चाहतेपणाचं काय? मी १९८५ सालची आहे, म्हणजे जन्मानं नव्हे, खुळानं. ऑस्ट्रेलियात रवी शास्त्रीला ऑडी गाडी मिळाली आणि अख्खी टीम तिच्यावर चढून मैदानभर फिरली, तेव्हा मी सातवीत होते. त्याचा पेपरातला फोटो माझ्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवलेला होता. भूमितीच्या तासाला पेटी जरा जास्तच वेळा उघडायची. वडिलांनी एक दिवस तो खरवडून काढला. मला भूमिती काही आली नाही, फक्त पुढे सात-आठ वर्षं मी त्यांना कुठलीच आवडती गोष्ट सांगितली नाही. तुझ्या आईला हा परिच्छेद वाचायला दे.

लॉकडाउनमध्ये गावाकडे, दहावीच्या वर्गातली मुलगी, नेटवर्कसाठी गच्चीच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसायची. अशा वेळी कुणीतरी सात जण तिला हसवायचे. ते खरंच घडलं आहे आणि ते फेकून द्यायचं काही कारण नाही. सोडायला सांगितलं तर तू पोस्टर काढशील, आणि डाएट तसंच चालू राहील, कारण ते पोस्टरमुळे नव्हतंच. वर ज्यांच्याशी तू रोज बोलतेस त्या ऑनलाइन मैत्रिणीही जातील. एकटीनं उपाशी राहणं दुकटीनं राहण्यापेक्षा सोपं असतं.

मात्र सगळी आर्मी एकच नाही, आणि इथे तुला हात चालवावा लागेल. तुझ्या फोनवर दोन वेगळ्या गोष्टी आर्मीच्या एकाच जांभळ्या रंगात मिसळल्या आहेत. एक म्हणजे गाणी, नाच, सातही जणांची थट्टामस्करी. दुसरी म्हणजे ‘अमक्यासारखी कंबर दहा दिवसांत’ सांगणारी खाती, जी चालवणारे लोक कधी कुणा कोरियन माणसाला भेटलेलेही नसतील. दुसरी सगळी अनफॉलो कर. त्यांचे व्हिडिओ परत दिसले की ‘यात रस नाही’ दाब, आठवडाभर चिकाटीनं दाब, फोन शिकतो. चाहत्यांच्या ग्रुपवर कुणी वजनाचं आव्हान टाकलं, तर ‘मला डॉक्टरांनी बंदी केली आहे’ एवढंच लिही. तुझ्यामागून आणखी दोघी-तिघी ‘मलापण’ लिहितील, बघ.

बाकी जे उरेल ते तुझ्याच बाजूचं आहे. २०१८च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांमध्ये बीटीएसचा म्होरक्या आरएम बोलला, ते भाषण तू अर्थातच पाहिलं असशील. नऊ-दहा वर्षांचा असताना आपण स्वतःकडे दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघायला लागलो आणि तिथून आपला आवाज हरवला, अशा अर्थाचं तो तिथे म्हणाला होता. युनिसेफबरोबर त्यांनी २०१७ साली स्वतःवर प्रेम करण्याची मोहीम काढली ती त्याच्या आधीची. तुझ्या भिंतीवर ही माणसं आहेत, आणि त्यांच्या खाली आरशात मामीच्या डोळ्यांनी बघत तू उभी.

आणखी एक, जे तुला माझ्याहून चांगलं माहीत असेल. कोरियात भेटल्यावर ‘कशी आहेस’च्या ऐवजी ‘बाप मोगोस्सो?’ विचारतात. बाप म्हणजे भात, म्हणजेच जेवण. जेवलीस का? तुझी आई रात्री नऊला फोन करून पहिलं वाक्य हेच बोलते, आणि तू रोज ‘हो’ म्हणतेस.

तो ‘हो’ आता थांबव. आईशी बोलणं अवघड आहे हे मला कळतं, म्हणून फोनवर नको, घरी जाशील तेव्हा तिच्या शेजारी बसून शेंगा सोलताना वगैरे बोल. हात कामात असले की नजर चुकवता येते, ते बरं पडतं. वाक्य लांबलचक नको. ‘आई, मी उपास म्हणून सांगायचे ते खोटं होतं. मला जेवायची भीती वाटायला लागली आहे. डॉक्टरांकडे जाऊन आले, तू रागावू नकोस.’ ती रागावेल. पाच मिनिटं पोस्टरवरून बोलेल, बोलू दे. मग ती ताट करेल. त्या ताटावर तुला भांडायचं नाही, आणि तिनंही ‘अजून घे, अजून घे’ करायचं नाही, एवढं ठरवून घ्या. आणि ताई, तुम्ही हे वाचत असाल तर, मुलगी सुट्टीला आली की पहिल्या दिवशी ‘वाळलीस’, ‘भरलीस’, काहीच म्हणू नका. तिला प्रवासाचं विचारा. आणि त्या दिवशी तिच्याबरोबर, बसून जेवा.

पैशांचं थोडक्यात. दिवा घेतलास, घेतलास. विकायला सांगत नाही. पण मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला दोन्ही वेळचे काकूंच्या हातात ठेव आणि त्यांना सांग, ‘काकू, माझा खाडा धरायचा नाही, मी आले नाही तर मला फोन करा.’ मेसच्या काकू या कामाला पोलिसांपेक्षा बऱ्या. फोटोकार्डांसाठी, म्हणजे त्या सात जणांच्या फोटोंच्या छोट्या कार्डांसाठी, वेगळा डबा कर. शनिवारी एखाद्या लहान मुलीची शिकवणी, एखाद्या दुकानाची जीएसटीची नोंद, काहीही. त्या कमाईतून हवं ते घे आणि कुणालाही हिशेब देऊ नकोस. पोटातून काढलेला पैसा आणि कमावलेला पैसा वहीत सारखाच दिसतो, पण एकाच्या मागे चक्कर येते.

मेसचं जेवण तुला ‘तेलकट’ वाटतं, ‘त्यात काय पोषण’ असं तू विचारतेस. दोन-तीन पोळ्या, एक भाजी, वरण-भात, कोशिंबीर. त्यावर एक उसळ किंवा अंडं किंवा वाटीभर दही मिळालं की तुझ्या वयाला चांगलंच आहे. लिंबू पिळ, लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो ते काम बिघडवतो. यापलीकडे मी तुला आहाराचं काही सांगणार नाही. नियम तुझ्याकडे आधीच खूप झालेत.

एक मात्र अजिबात टाळू नकोस. डॉक्टरांकडे जाऊन, मेस लावूनही ताटासमोर बसल्यावर घशाखाली घास उतरत नसेल, किंवा नूडल्सच्या रात्री थांबत नसतील, तर हा मनाचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. तिथे ‘मला खाण्याची भीती वाटते’ एवढं म्हटलं तरी पुरतं. तू एकटी नाहीस हे मी नुसतं बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, तुझ्या पत्राच्या गठ्ठ्यात अशीच आणखी दोन पत्रं होती. त्यातलं एक मुलाचं. त्याला कोरियन व्हायचं नव्हतं, जिममधल्या पोस्टरसारखं व्हायचं होतं. त्यालाही उत्तर हेच.

तुझ्या कपाटात आईनं दिलेली शेंगाचटणीची बरणी आहे, झाकण न उघडलेली, असं तू लिहिलंस. ‘बघितली की अपराधी वाटतं’ म्हणून तू ती स्वेटरच्या मागे ठेवली आहेस. ती आज मेसमध्ये घेऊन जा. सगळी तूच खायची असं नाही, टेबलावर मधोमध ठेव. सोलापूरची चटणी पुण्याच्या मेसमध्ये फार वेळ एकटी बसत नाही. तुलाही पोळीला लावून थोडी घ्यावी लागेल, नाहीतर उरणार नाही.

ता. क. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, ‘तुमचा बायस कोण?’ मला भाचीकडून आधी शब्दाचा अर्थ विचारून घ्यावा लागला. सातांतला सगळ्यांत लाडका, असं ती म्हणाली. मग तिनं मला ‘ईट जिन’चे भाग लावून दिले. देखणा मुलगा, कॅमेऱ्यासमोर बसतो आणि मन लावून जेवतो, तोंडात घास असताना बोलतो. माझं ठरलं.